विहिरीच्या निशीकडे

ओकिनावा
१२ ऑक्टोबर १९८१

चिरू आत्यांना नमस्कार.

मी इकुयो, तुमच्या थोरल्या भावाची, सेइजुनची मुलगी. बाबा गेल्याचं पत्र दोन वर्षांपूर्वी मीच पाठवलं होतं. त्यानंतर तुमची दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी कान धरते. बोलिव्हिया नकाशात शोधायलाच मला बराच वेळ लागला.

आता लिहायला कारण झालंय. आपली जमीन परत मिळते आहे. अमेरिकन तळाचा नाकामुईकडचा तुकडा या महिनाअखेर शहराच्या ताब्यात येणार आणि मग ज्याची त्याला मिळणार. तारेचं कुंपण काढायला लागलेत. ते बघायला लोक जेवणाचे डबे घेऊन गेले होते, मीही गेले. आत काय दिसलं म्हणाल तर काही नाही. घर नाही, शेत नाही, झाड नाही, सगळं एका पातळीत आणलेलं. आपल्या जागेत काँक्रीटचा भला मोठा चौथरा आहे, त्यावर लष्करी ट्रक धुवायचे. चौथऱ्याच्या मध्याजवळ झाकण घातलेली विहीर. तेवढीच ओळखीची, तीही बाबांनी कुंपणाबाहेरून दाखवलेली म्हणून.

लढाईत गावाचे सगळे नकाशे जळाले. शहराच्या कचेरीत सांगतात, जुन्या घरात राहिलेल्या माणसाकडून कच्चा नकाशा आणा. आमच्याकडे तसं माणूस आता तुम्हीच उरलात. घर कुठे होतं, फाटक कुठे, गोठा कुठे, आठवेल ते काढून पाठवा.

माझा धाकटा भाऊ सेइकी भलताच खुशीत आहे. तो खोदाईचं यंत्र चालवतो. "आजवर दुसऱ्यांच्या घरांचे पाये खणले, आता स्वतःचा खणतो," असं जो भेटेल त्याला सांगत सुटलाय. वसंतात घर बांधायचं आणि वर्षाच्या आत लग्न करायचं, असा त्याचा बेत आहे.

मला मात्र भीती वाटते. बाबांना ही जमीन परत नकोच होती. सगळं गाव जमिनीसाठी मोर्चे काढायचं तेव्हा बाबा दार लावून घरात बसायचे. तळावर गवत कापायची नोकरी त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. लोक त्यांना "शत्रूचा गवत्या" म्हणायचे, आम्हाला शाळेत "गवत्याची पोरं". इस्पितळात शेवटी शेवटी मला म्हणाले, "ती जागा परत न आलेलीच बरी." आणि मग, "निशीकडे जाऊ नका." हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. कुंपणाशी नेऊन विहीर दाखवायचे आणि म्हणायचे, "विहिरीच्या निशीकडे कधी जायचं नाही." का, ते कधीच सांगितलं नाही. अजूनही त्या दिशेला जायचं म्हटलं की मी वाट बदलते. आत्या, तुम्हाला काही माहीत आहे का?

तुमची
इकुयो


ओकिनावा वसाहत, बोलिव्हिया
१५ नोव्हेंबर १९८१

इकुयो बाळा,

पावसाने रस्ता गेलाय, तुझं पत्र ट्रॅक्टरवरून आलं, अर्ध्यावर चिखल. आधी एक सांगते. मला "तुम्ही" म्हणू नकोस. "आत्यांना नमस्कार" वाचून मला वाटलं सरकारी नोटीसच आली. तुझा बाप माझी वेणी ओढायचा आणि तू मला तुम्ही म्हणतेस.

दुसरं माझं अक्षर. मी चौथीत होते तेव्हा लढाई आली आणि शाळा जळाली. कठीण चित्राक्षरं मला येत नाहीत. साध्या बाराखडीत लिहिते, तेवढं समजून घे.

नकाशा सोबत आहे. हसू नकोस, डुकरं मी उगाच काढलीत, हात थांबेना. फाटकातून शिरलं की समोर आडवी भिंत होती, भुतं सरळ घरात येऊ नयेत म्हणून. भुतांना वळता येत नाही, असं आजी सांगायची. भिंतीला वळसा घातला की अंगण. एका हाताला घर, दुसऱ्या हाताला डुकरांचा गोठा आणि मागे विहीर. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात इतकं गार की कारली त्यात टोपलीत सोडून ठेवायचो. इथल्या विहिरीचं पाणी खारट आहे. पंचवीस वर्षं पितेय, अजून सवय झाली नाही.

आता नीट ऐक. हे नकाशात मी काढलेलं नाही, कारण नकाशा साहेबलोकांच्या हाती जाणार. विहिरीपासून निशीकडे बारा पावलांवर जमिनीला हात लावू नका. तिथे देवाची जागा आहे. खणली तर घराण्याला भोवते. तुझा बाप म्हणायचा ते बरोबरच होतं. घर दुसरीकडे बांधा, तिथे गवत वाढू द्या. सेइकीला सांग, आणि हे पत्र जाळून टाक.

यापुढे त्याबद्दल काही विचारू नकोस. डुकरांबद्दल हवं तितकं विचार.

तुझी
चिरू आत्या


ओकिनावा
१४ डिसेंबर १९८१

आत्या,

नकाशा कचेरीत दिला. डुकरं बघून तिथला माणूस हसला आणि त्याने शिक्का मारला. पत्र जाळलेलं नाही.

सेइकीला देवाच्या जागेचं सांगितलं तर तो म्हणतो, "त्या देवावर सव्वीस वर्षं ट्रक धुतले. भोवायचं तर त्यांना भोवलं असतं." पण मी हट्ट धरला. तुम्ही सांगितलं तसं विहिरीपासून निशीकडे बारा पावलं मोजली, चौथऱ्यावर मातीने भरलेल्या चार डब्यांत खुंट्या रोवल्या, दोरी बांधली आणि दोरीला पांढरी फडकी लावली. त्याच्या आत पाऊल टाकणार नाही असं सेइकीकडून वदवून घेतलंय.

जमीन तपासणारे लोक येऊन गेले. काठीसारखं यंत्र जमिनीवरून फिरवतात, खाली लोखंड असलं की ते ओरडतं. लढाईतले न फुटलेले गोळे इकडे अजून निघतात ना. मोकळ्या मातीवर सगळीकडे फिरवलं. चौथऱ्यावर मात्र नाही, कारण त्यात लोखंडी जाळी आहे, यंत्र सारखंच ओरडत राहणार. चौथरा फोडून तपासायचा तर दहा महिने थांबा म्हणाले. सेइकीला दम कुठला. त्याने लिहून दिलं, चौथरा मला तसाच हवा आहे, ट्रक लावायला. खरं तर तो स्वतःच फोडणार आहे.

शेजारच्या जागेत गेनका आजोबा रोज येऊन बसतात. त्यांचंही शेत परत मिळालं. घडीचं स्टूल आणतात, बिनदाताच्या तोंडाने रताळं खातात आणि मला सुनावतात, "गवत्याची पोरगी ना तू? तुझा बाप जमिनीवर शत्रूचं गवत राखत होता, आम्ही उन्हात घोषणा देत होतो." मी काही बोलत नाही.

पण तुमच्याशी बोलणार आहे. देवाची जागा असती तर बाबा तिकडे बघून हात जोडायचे. त्यांना घाम फुटायचा, आत्या, मी हात धरलेला असायचा म्हणून मला माहीत आहे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. गवत कापायच्या यंत्रात गेली असं ते सांगायचे. परवा त्यांचा नोकरीचा जुना कागद सापडला, छप्पन सालचा. त्यात कामाला लागतानाच लिहिलंय, दोन बोटं नाहीत.

आणखी एक. देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाटीवर एक नाव आहे, सेइकान, वय सतरा. बाबा त्याच्यापुढे भाताची वेगळी वाटी ठेवायचे. कोण ते विचारलं की उठून जायचे. हा सेइकान कोण?

खरं सांगा. खोट्या देवापेक्षा खरं बरं.

इकुयो


ओकिनावा वसाहत, बोलिव्हिया
१७ जानेवारी १९८२

इकुयो,

तुझं पत्र तीन दिवस पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं होतं. आमच्या ह्यांनाही यातलं काही माहीत नाही. आज हे शेतावर गेलेत, म्हणून लिहायला बसले.

सेइकान तुझा काका. सेइजुन थोरला, मी मधली, सेइकान शेंडेफळ. गाणारा, नकला करणारा. गेनकाच्या चालण्याची नक्कल अशी करायचा की खुद्द गेनका हसायचा.

लढाईनंतर जमिनीत रताळ्यांपेक्षा लोखंड जास्त होतं. त्रेपन्न-चोपन्न साली भंगार विकूनच घरं चालायची. आम्ही तिघंही वेचायचो. न फुटलेले गोळे सापडले की त्यांची पितळी कडी काढायची, आतली दारू मासे मारणारे घेऊन जायचे. सगळं गाव करायचं. जे फुटले त्यांच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. गोठ्यामागे, विहिरीच्या निशीकडे, आम्ही खड्डा केला होता. माझ्या मांडीएवढे मोठे गोळे त्यात रचून ठेवलेले. मोजायचं काम माझं, कारण भावांना वीसच्या पुढे आकडे धड येत नव्हते. चोपन्न सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी मी मोजले, तेवीस होते. त्याच दुपारी सेइकान अंगणात एका गोळ्याची कडी कापत बसला होता, मांडीवर घेऊन, गाणं म्हणत. सेइजुन त्याला "बस कर" म्हणून हात पुढे करत होता. त्यात त्याची दोन बोटं गेली. सेइकानचं काय झालं ते लिहीत नाही.

पोलिसांना आम्ही सांगितलं, शेतात नांगरताना फुटला. खड्ड्याचं कोणाला सांगितलं नाही. लष्करी कायदा होता, सेइजुनला तुरुंगात नेलं असतं. घरात तो एकटाच कमावता. आम्ही खड्डा मातीने भरला, वर शेण टाकलं. पुढे कधीतरी सांगू म्हटलं. पुढच्या जुलैत उजाडता उजाडता अमेरिकन सैनिक बुलडोझर घेऊन आले. आम्ही अंगणात बसून राहिलो, तर उचलून ट्रकमध्ये टाकलं. गोठा पाडला, घर पाडलं, वर काँक्रीट ओतलं.

तुला खोटं कशाला सांगू. त्या दिवशी ट्रकमध्ये मी सेइजुनच्या कानात म्हणाले, "राहू देत त्यांच्या पायाखाली." मला बरं वाटलं होतं. तुझा बाप माझ्याकडे नुसता बघत राहिला. पुढच्या वर्षी त्याने तळावर गवत कापायची नोकरी धरली आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बोलिव्हियाला निघाले तेव्हा बंदरावर आला, तेव्हा म्हणाला, "कोणीतरी तिथे लक्ष ठेवायला हवं ना, चिरू. तिथे ट्रक धुणारीही पोरंच आहेत." म्हणजे एवढी वर्षं तो गवत नव्हता राखत.

तर खाली तेवीस आहेत. गंजले असतील, पण गंजलेला जास्त वाईट. आता ते शत्रूच्या नाही, तुमच्या पायाखाली आहेत, आणि ते मीच मोजून रचलेत. मला झोप येत नाही. निशीकडे जाऊ नका. सेइकीला सगळं सांग.

चिरू


ओकिनावा
११ फेब्रुवारी १९८२

आत्या,

पत्र वाचून मी आधी देव्हाऱ्यापुढे जाऊन सेइकान काकांच्या वाटीत भात घातला. मग सेइकीला वाचून दाखवलं. तो अंगणात गेला आणि ओकला.

मी म्हटलं, उद्याच कचेरीत कळवू. तो म्हणाला, "कळवलं की दोन वर्षं जागा बंद. आजूबाजूच्यांचीही. गेनका आजोबा दोन वर्षं जगतील का? कळवायचंच आहे, मी कुठे नाही म्हणतो. पण आधी माझा पाया भरून होऊ दे, मग कळवू. त्या बाजूला मी फिरकणारही नाही. मी खोदाईवाला आहे, जमीन मला कळते."

आणि मी हो म्हणाले. हे तुमच्यापासून लपवत नाही. मलाही घर हवंय, आत्या. दोघं भाड्याच्या एका खोलीत वाढलो.

तरी जीव टांगणीला लागलाय. शाळेच्या स्वयंपाकघरातलं माझं काम आटोपलं की रोज तिकडे जाते आणि दोरी जागेवर आहे ना ते बघते. काल संध्याकाळी विहिरीपाशी उभी होते. सूर्य बरोबर दोरीच्या मागे समुद्रात उतरला, पांढरी फडकी लाल झाली. लहानपणापासून त्या बाजूची, त्या समुद्राची मला धास्ती. आमच्या वर्गाची सहल त्या किनाऱ्यावर गेली तेव्हा मी तापाचं सोंग करून घरी राहिले होते. आता निदान कारण कळलं.

घर टेकडीच्या बाजूला घ्यायचं ठरलंय. विहिरीशी समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला. तिथून दोरी चांगली लांब पडते. मार्चच्या अकरा तारखेला सेइकी चौथरा फोडायला घेणार. आदल्या दिवशी थोडी तांदळाची दारू जमिनीला वाहू आणि सुरुवात करू.

तुम्ही काळजी करू नका. आम्ही सांभाळून आहोत.

इकुयो


तार
सान्ता क्रूझ, बोलिव्हिया
१० मार्च १९८२

निशी म्हणजे उत्तर. थांबा. चिरू.


ओकिनावा वसाहत, बोलिव्हिया
९ मार्च १९८२

इकुयो,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, मला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण नुसतं बसून राहवत नाही.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. "सूर्य दोरीच्या मागे उतरला" इथपर्यंत वाचलं आणि थांबले. पुन्हा वाचलं. सूर्य बुडतो ती निशी कशी होईल, बाळा? सूर्य बुडतो ती इरी. तुम्हाला शाळेत जी जपानी भाषा शिकवली तिच्यात सूर्य बुडतो त्या बाजूला निशी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. चौथीपर्यंत मीही तेच पाठ केलं होतं. पण घरात, शेतात, विहिरीवर निशी म्हणजे उत्तर, वारा गार येतो ती बाजू. पंचवीस वर्षं इथे आमच्या वसाहतीत कोणी दुसरं काही म्हणत नाही. मी लिहिताना विचारच केला नाही. चित्राक्षर लिहिता आलं असतं तर उत्तर की पश्चिम ते लगेच कळलं असतं. बाराखडीत निशी ती निशी.

सेइजुननेही विचार केला नाही. शाळेत आपली बोली तोंडातून निघाली की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, ती दुसरा कोणी बोलेपर्यंत गळ्यात वागवायची. ती पाटी सगळ्यात जास्त तुझ्या बापाच्या गळ्यात असायची. म्हणून त्याने तुम्हाला आपली बोली कधी शिकवली नसणार. शब्द त्याने सगळे बदलले. पण दिशा माणूस बदलत नाही, त्या पायांत असतात. त्याला वाटलं तो तुम्हाला सावध करतोय.

आणि उजव्या हाताला, टेकडीच्या बाजूला तुम्ही घर बांधताय. तिथेच आहे, इकुयो. तिथेच.

रात्र कशीतरी काढली आणि पहाटे ह्यांना सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षं लपवलेलं चुलीपाशी उभ्याने सांगून टाकलं. ह्यांनी बूट घातले, नदीला पूर आहे तरी होडीवाल्याला उठवलं आणि तार करायला शहराकडे निघाले. तारेत जास्त शब्द मावत नाहीत, म्हणून तीनच सांगितले, आणि थांबा. अकरा तारीख तुमच्याकडे आमच्याआधी उजाडते. मी किती वेळा हिशेब केला, दर वेळी वेळ कमीच पडतो.

ह्यांची होडी दिसेनाशी झाली तरी मी काठावर उभीच होते. सेइकानच्या वेळीही मी अशीच उभी होते, दहा पावलांवर, हातात कारली घेऊन.

चिरू


ओकिनावा
१६ मार्च १९८२

आत्या,

सेइकी जिवंत आहे. पहिलं हे लिहिते, तू आधी हे वाच आणि श्वास घे.

तार अकराला सकाळी शाळेत आली. मी दोनशे पोरांचं सूप ढवळत होते. रोमन अक्षरांत लिहिलेलं, निशी म्हणजे उत्तर. खरं सांगू, मला वाटलं तार पाठवणाऱ्याने घोळ केला, नाहीतर तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. पश्चिम म्हणजे उत्तर, असं कोणी तारेने कळवतं का? पण पुढे थांबा होतं. मी एप्रन न काढता पळाले.

लांबूनच यंत्राचा आवाज येत होता. चौथरा टेकडीच्या बाजूने फुटला होता आणि सेइकी माती काढत होता. कानांवर कर्णरक्षक, मी हाका मारतेय ते त्याला ऐकू येईना. गेनका आजोबा स्टुलावर. मी तार त्यांच्यापुढे धरली, का ते माहीत नाही, तिथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून. त्यांनी चष्मा पुसला आणि मला वाचायला लावली.

"निशी म्हणजे उत्तर," मी वाचलं.

"मग? उत्तरच. यात तारेने कळवण्यासारखं काय आहे?"

"आजोबा, निशी म्हणजे पश्चिम ना?"

"ते तुमच्या मास्तरणीचं. आमच्याकडे पश्चिम म्हणजे इरी. गवत्याने तुला एवढंही शिकवलं नाही?"

मग मला सगळं एकदम कळलं. माझी बारा पावलं, माझी दोरी, माझी फडकी. उत्तरेला सेइकी. मी धावत जाऊन यंत्राच्या तोंडापुढे उभी राहिले, खड्ड्यातच उतरले. त्याने यंत्र थांबवलं आणि शिव्या देत खाली उडी मारली. "मरायचंय का तुला?" म्हणाला. मी नुसतं बोट दाखवलं. माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर मातीतून तपकिरी, गोलसर काहीतरी वर आलं होतं. त्यावर यंत्राच्या दाताचा ताजा ओरखडा होता. चकचकीत.

आम्ही दोघं खड्ड्यातून कसे बाहेर आलो ते आठवत नाही. सेइकीने मला लहान पोरासारखं काखेत उचललं होतं, एवढंच आठवतं.

त्याच दिवशी कचेरीत जाऊन सगळं सांगितलं, बाबांसकट. पथक आलं, पाचशे घरं रिकामी केली, चार दिवस लागले. गोळे एकेक करून वाळूच्या पेटीतून नेले. गेनका आजोबा शाळेच्या मैदानावर माझ्या शेजारी बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे सेइजुन तिथे गवत कापायचा ते..." काल ते आमच्या देव्हाऱ्यापुढे येऊन बसून गेले. रताळी ठेवून गेले.

पण आत्या, गोळे बावीसच निघाले. तू तेवीस लिहिलंस. मी तेवीस सांगितले. पथकाचा प्रमुख म्हणतो, तेविसावा सापडल्याशिवाय जागा उघडता येत नाही, आपलीही नाही आणि गेनका आजोबांचीही. सगळीकडे खणून पाहतायत, सापडत नाही. सेइकी जेवत नाही. बसल्या बसल्या तळव्यांकडे बघत राहतो. मी रस्त्यावरूनही पाय जपून टाकते. आयुष्यभर मी समुद्राला घाबरले आणि ते माझ्या उजव्या हाताला होतं. आता कुठल्या बाजूला घाबरायचं तेही कळत नाही.

तू स्वतः मोजले होतेस. आठवून सांग. कुठे ठेवला होता तेविसावा?

तुझी
इकुयो


ओकिनावा वसाहत, बोलिव्हिया
१८ एप्रिल १९८२

इकुयो बाळा,

"सेइकी जिवंत आहे" एवढं वाचून मी पत्र ह्यांच्या हातात दिलं आणि अंगणात जाऊन बसले. पुढचं ह्यांनी मोठ्याने वाचलं. तू मला तू म्हणालीस ते मी ऐकलं.

मग तेविसाव्याचं आलं. ह्यांनी विचारलं, "कुठे ठेवला होतास?" मी म्हटलं, थांबा, आठवते. चुलीपाशी बसले आणि बोटांवर मोजायला लागले. जसे रचले होते तसे. खाली आठ, त्यावर सात, त्यावर पाच, वर तीन. तेवीस. पुन्हा मोजले, तेवीस. दोन दिवस मी तेच करत होते. स्वयंपाक ह्यांनी केला.

आज सकाळी विहिरीवर गेले होते. बादली वर येता येता मला तो खड्डा दिसला, वरच्या रांगेत तीनच्या जागी दोन. त्या नोव्हेंबरात मी मोजले ते सकाळी. सेइकानने गोळा उचलला तो दुपारी. नंतर आम्ही खड्डा बुजवला तेव्हा मी मोजले नाहीत. त्यानंतर कधीच मोजले नाहीत. सत्तावीस वर्षं मी सकाळचाच आकडा धरून बसले होते. त्यातून एक वजा करायचा, हे माझ्याने झालं नाही.

प्रमुख साहेबांना सांग, बावीस बरोबर आहेत. खणणं थांबवा. तेविसावा सेइकानच्या मांडीवर होता.

चिरू आत्या